शेवडे सरांचं सॅलमिस

शेवडे सरांना भेटायच्या आधी तासभर मी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. एक्क्याण्णव सालचा जून. नवऱ्याची बँकेतली बदली बनारसला झालेली, तो महिनाभर आधी जाऊन रुजू झालेला, आणि नेमका माझ्या येण्याच्या दिवशी त्याला लखनौला पाठवलेलं. "काळजी करू नकोस, शेवडे म्हणून एक मराठी शिक्षक आहेत, ते तुला उतरवून घेतील," एवढा त्याचा निरोप. मोगलसरायला पाच डाग घेऊन उतरले आणि फलाटावर मराठी तोंडाचा माणूस शोधत बसले. कुणीही आलं नाही. शेवटी स्वतःच हमाल केला, बनारसकडे जाणारी पॅसेंजर पकडली आणि शेवडे नावाच्या माणसाशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवून टाकलं.

गाडी गंगेवरचा पूल ओलांडून काशी स्टेशनात थांबली, तशी खिडकीतून एका छत्रीचं टोक आत आलं. मागोमाग जाड भिंगांचा चष्मा आणि घामाने डबडबलेलं टक्कल.

"देशपांडेबाई ना? उतरा, उतरा. घाई बिलकुल नाही करायची, ही इथे पाच मिनट थांबते. सामान मी घेऊन राहिलोय."

"तुम्ही मोगलसरायला येणार होतात," मी म्हणाले. माझा आवाज काही गोड नव्हता.

"ते आमच्या हद्दीबाहेर आहे," सर शांतपणे म्हणाले. "म्हणून सकाळपासून पुलावरून येणारी प्रत्येक गाडी इथे उभा राहून बघून राहिलो होतो. ही चौथी."

रिक्षात बसल्यावर उलगडा झाला. सरांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे काशीची हद्द जन्मभर ओलांडायची नाही, मरण येईल ते इथेच आलं पाहिजे, असा संकल्प. घरात बायको, नोकरी, भाजीची पिशवी, सगळं चालू. फक्त पाऊल हद्दीबाहेर नाही. वडील अंथरुणावर शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा त्यांनी सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या हातावर गंगाजल घालून हा संकल्प करवून घेतला. वडिलांनी आणि आजोबांनी तो पाळला होता, तेव्हा यांनीही पाळला. गंगेच्या पलीकडचं रामनगर सरांच्या बालाजी घाटावरच्या गल्लीपासून काही कोसांवर; पण तिथे ते अठ्ठावीस वर्षांत गेले नव्हते.

मी भूगोलाची पदवीधर. नकाशात बोट फिरवत हिंडण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलेलं. हा माणूस मला वेडा वाटला. पुढच्याच वर्षी मी त्यांच्याच इंटर कॉलेजात, म्हणजे तिकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, शिकवायला लागले आणि मग कळलं की वेड आहे खरं, पण निराळंच आहे.

सर इतिहास शिकवत. पाठ्यपुस्तकात ग्रीकांनी इराणची स्वारी परतवली तो भाग होता दीड पानाचा. सर त्याला आठ दिवस घेत, आणि वर्ग खोलीत कमी, रस्त्यावर जास्त असे. कॉलेजात त्यांना "यूनानी गुरुजी" म्हणत. प्राचार्य दर डिसेंबरात व्हरांड्यात त्यांना गाठत.

"शेवडे जी, मुग़ल कब आएँगे?"

"आएँगे साहब, ज़रूर आएँगे. अभी ईरानी गए नहीं हैं."

माझ्याकडे ते पहिल्यांदा काम घेऊन आले तेव्हा खडूचा डबा हातात होता. "बाई, मला एक समुद्र काढून द्या. मला जमीन जमते, पाणी नाही जमत." मी फळ्यावर अथेन्सचा किनारा, समोर सॅलमिसचं बेट आणि मधली, ग्रीकांनी इराणी आरमार बुडवलं ती चिंचोळी खाडी काढून दिली. ते छत्रीवर रेलून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढीशीच आहे हो! मी थोडी मोठी समजत होतो." लगेच खूश झाले. जागा जितकी अरुंद तितके सर खूश. "मोठ्या लटांबराला मोठा शत्रू लागत नाही, अरुंद गल्ली लागते," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते बनारसच्या पोरांना समजावून सांगावं लागत नसे.

ग्रीकांनी इराणी फौज अडवून धरली ती थर्मोपिलीची खिंड सर बालाजी घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतच शिकवत. एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र, मधे चार माणसांची वाट. गल्लीच्या तोंडाशी चार मुलं दप्तरांच्या ढाली करून उभी, समोर उरलेली छत्तीस जणांची इराणी फौज. "हमला!" सर छत्री वर करून ओरडत, की ढकलाढकली सुरू. चौघं हटत नसत. खऱ्या लढाईतही दोन दिवस कुणी हटलं नव्हतं. मी पहिल्या वर्षी बघायला गेले होते, तेव्हा एक चलाख पोरगा गल्लीतल्या कचोरीवाल्याच्या दुकानात शिरला. दुकानाला मागूनही दार होतं. कचोरीवाल्याने कढईवरून नजर न काढता त्याला मागच्या दाराने सोडलं, त्याच्या पाठोपाठ आणखी दहा जण गेले आणि ढालीवाल्यांच्या पाठीत येऊन आदळले.

सर हरखून उड्याच मारायला लागले. "यही हुआ था! बिलकुल यही! पीछे का रास्ता!" डोंगरामागची पायवाट शत्रूला दाखवणारा गावकरी एफियाल्टीस, आणि त्या दिवसापासून कचोरीवाल्याचं नाव सरांनी तेच ठेवलं. "नमस्कार एफियाल्टीस जी," म्हणूनच ते दुकानावरून जात. एकदा त्याने मला थांबवून विचारलं, "बहनजी, ई गुरुजी हमको का बोलते हैं?" मी म्हटलं, यूनान के बहुत मशहूर आदमी थे. त्याने मला दोन कचोऱ्या जास्त बांधून दिल्या. मला अजून त्या कचोऱ्यांची थोडी लाज वाटते.

पण हसण्यावारी नेलेली लढाई सर शेवटी हसण्यावारी सोडत नसत. खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिदास आणि त्याचे तीनशे स्पार्टन मेले एवढंच जो लिहील, त्याचा अर्धा गुण कापत. "थेस्पिया नावाच्या गावाचे सातशे तिथेच मेले. स्वतःहून राहिले होते. त्यांचं गाव छोटं होतं म्हणून त्यांना विसरायचं?" एका वकिलाच्या मुलाचा असा अर्धा गुण गेला, तर वकीलसाहेब जाब विचारायला कॉलेजात आले. सरांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "वकील साहब, आपके सात सौ मुवक्किल काग़ज़ से ग़ायब हो जाएँ, तो आप क्या करेंगे?" वकील गुमान घरी गेले. दुसऱ्या एकाने उत्तरात लिहिलं होतं की इराणी लोक दुष्ट होते. सरांनी समासात लाल शाईने विचारलं, "तुम मिले थे?" वर्गात ते नेहमी सांगत की ही सगळी हकीकत जिंकणाऱ्यांनी लिहून ठेवलेली आहे, इराणच्या बाजूने कुणी लिहिलेली हाती लागली, तर दुसराच धडा शिकावा लागेल आणि आपण तो आनंदाने शिकवू.

पावसाळा सरला की रामनगरसमोर लोखंडी पिप्यांचा तरता पूल बांधत. तो बांधून झाला रे झाला की सर वर्ग घेऊन तिथे हजर. इराणचा बादशहा झर्क्सीस याने आशियातून युरोपात फौज उतरवायला असाच नावांचा पूल बांधला होता. पहिला पूल वादळाने तोडला, तेव्हा त्याने समुद्राला चाबकाचे फटके मारवले. सर एका मुलाला झर्क्सीस करत, हातात चाबूक म्हणून दोरी देत आणि म्हणत, मार पाण्याला. एका वर्षीचा झर्क्सीस चांगला दांडगा होता. दोरी घेऊन काठापर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

"सर, गंगा जी को कैसे मारें?"

"बादशाह हो तुम."

"तो का हुआ? हमसे न होई." त्याने दोरी खाली ठेवली आणि पाण्याला हात जोडले.

सरांनी सगळ्या वर्गाकडे बघितलं. "बस. ज़रक्सीज़ यहीं हारा था. आगे की लड़ाई तो बाद में हुई." दरवर्षी एक तरी मुलगा असा थबके आणि दरवर्षी सर तितकेच खूश होत. मग फौज पुलावरून दाणदाण पावलं आपटत पलीकडे जाई. सर पहिल्या पिप्याच्या अलीकडे उभे राहून छत्री हलवत. पलीकडून पोरं हाका मारत, "सर, आइए!" सर मानेनेच नाही म्हणत. मला तेव्हा ते छत्रीवाले उंच सर एकदम लहान दिसत.

सॅलमिसचा तास मात्र ते खोलीतच घेत आणि मी तो कधी चुकवला नाही. ग्रीकांची जहाजं बुटकी, इराणच्या बाजूची उंच आणि संख्येने खूप जास्त. अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस, सरांचा सगळ्यात लाडका माणूस. युक्तीने त्याने सगळं इराणी आरमार खाडीत ओढलं. "आणि मग तो थांबला," सर आवाज खाली आणून सांगत. "सकाळी खाडी गप्प असते. ऊन वर येतं, तसा समुद्राकडून वारा सुटतो. आधी पाण्यावर बारीक सुरकुती येते. बुटक्या नावेला काही होत नाही. उंच, जड नाव हळूच आडवी वळते. ती आडवी झाली, की मारा टक्कर!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खोदून विचारलं, कारण ते अगदी बरोबर होतं आणि पुस्तकात नव्हतं. "सर, तुम्ही समुद्र कधी बघितला?"

"नाही बघितला."

"मग वाऱ्याचं कसं माहीत?"

"एका जाणकाराने सांगितलं," म्हणून ते फळा पुसायला लागले.

तो जाणकार मला त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलताना सापडला. इंदूकाकू, सरांची बायको. माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. एकोणिसाव्या वर्षी काशीतच लग्न लागून इथल्या झाल्या, पहिल्या दिवाळीला एकदा एकट्याच माहेरी गेल्या, दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी सरांकडून संकल्प करवून घेतला, आणि त्यानंतर त्यांनीही समुद्र बघितला नाही.

"पहिल्या वर्षी मला लढाई सांगायला बसले," काकू सांगत होत्या. "म्हणाले, पहाटेच हल्ला केला. मी म्हटलं, काय तरीच! पहाटे खाडीत वारा कुठला? आमचे आजोबा तरीवाल्याला सांगायचे, थांब, अजून नाही. वारा आला की मगच नाव सोडायची. तर हे दोन दिवस रुसून बसले. मग गुपचूप येऊन विचारतात, सुरकुती कशी येते ती पुन्हा सांग."

"आणि वर्गात तुमचं नाव नाही घेत!" मी म्हणाले.

"नाव घेऊन काय करायचंय? लढाई जिंकली ना त्यांनी?" काकू हसल्या आणि मटारच्या शेंगा माझ्यासमोर टाकून म्हणाल्या, "हात चालव जरा."

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर काकू जिन्यात दोनदा अडखळल्या. मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला, आणि बराच पुढे गेलेला. नजर कडेकडेने जाते आहे, गेलेली परत येणार नाही, थेंब घालून उरलेली थोडी लांबवता येईल, वर्ष-दीड वर्ष फार तर. डॉक्टरांनी हे हिंदीत सांगितलं, मी मराठीत सांगणार तर काकू म्हणाल्या, "समजलं गं मला. तीस वर्षं झाली इथे."

सर हादरले. त्यांनी आठ दिवसांत पुण्याच्या मुलाला, बापूला, फोन केला, तिकिटाची चौकशी केली आणि काकूंना सांगितलं, तू बापूबरोबर जाऊन समुद्र बघून ये. काकू नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मुलगा स्वतः येऊन चार दिवस राहून गेला, तरी नाहीच. शेवटी सर स्टाफरूममध्ये माझ्यापाशी आले. दाढी वाढलेली, खडू खिशात तसाच राहून सदरा पांढरा झालेला.

"बाई, तुम्ही समजवा हिला. जिद्द करून राहिली आहे. नजर जाऊन राहिली, आणि ही म्हणते, बघितलाय मी समुद्र."

आता, मला काकूंनी डॉक्टरकडून येताना रिक्षात सगळं सांगितलं होतं आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून बजावलंही होतं. पण माझ्या पोटात फार दिवस काही राहत नाही, आणि त्या दिवशी रागही आला होता.

"सर, त्यांना समुद्र बघायचाच नाहीये. समुद्र बघताना तुमचं तोंड बघायचंय. एकदा. नजर जायच्या आत."

सर खुर्चीत बसले. घंटा झाली तरी उठले नाहीत. मी माझ्या तासाला निघून गेले आणि दिवसभर स्वतःवर चडफडत राहिले. तीन पिढ्यांचा संकल्प होता. इथे मरण आलं तर सुटका, बाहेर आलं तर नाही, यावर त्या माणसाचा श्रद्धा म्हणावी असा भक्कम विश्वास होता. मी कोण मधे बोलणारी?

त्यानंतर आठवड्याभराने सॅलमिसचा तास आला. मी मागच्या बाकावर होते. लढाईच्या आधी सर नेहमी अथेन्स रिकामं केल्याची गोष्ट सांगत. डेल्फीच्या देवाने कौल दिला होता, लाकडी भिंतच तुम्हाला वाचवेल. थेमिस्टोक्लीस म्हणाला, लाकडी भिंत म्हणजे जहाजं. शहर सोडा, बायकामुलं घेऊन नावांत बसा. देवळं, घरं, पूर्वजांच्या समाध्या मागे टाकून सगळं गाव निघालं. सरांच्या मते हे त्या सगळ्या युद्धातलं सगळ्यात मोठं धाडस होतं, खिंडीत मरण्याहूनही मोठं. पण काही म्हातारे गेले नाहीत. त्यांनी देवाचा शब्द धरून टेकडीवरच्या देवळाभोवती फळ्या ठोकल्या आणि त्यामागे बसले. इराण्यांनी पेटते बाण सोडून फळ्या जाळल्या. "उन पर हँसना मत," सर दरवर्षी सांगत. "वे डरपोक नहीं थे. उन्होंने वचन को पकड़े रखा."

मदनपुऱ्याच्या विणकराची मुलगी नसीम, वर्गातली सगळ्यात हुशार, तिने हात वर केला.

"सर, आप वहाँ होते, तो नाव में बैठते या तख़्ते ठोंकते?"

तिला काहीच माहीत नव्हतं. तिने सरळ मनाने विचारलं होतं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, तो आणखी खडूने भरला, तसाच परत घातला.

"हम तो," ते म्हणाले, "इकतीस साल से तख़्ते ठोंक के ही बैठे हैं, बेटा."

पोरं हसली. त्यांना वाटलं सरांचा विनोद. सरांनी त्या दिवशी वाऱ्यापर्यंत न पोचताच तास संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचगंगा घाटाजवळच्या एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे गेले. काय झालं ते त्यांनीच मला व्हरांड्यात सांगितलं. संकल्प परत करायचा काही विधी आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. शास्त्रीबुवा म्हणाले, विधी कसला? पाऊल बाहेर पडलं की मोडला. आल्यावर प्रायश्चित्त घ्या, हवा तर नवा संकल्प करा, पण मागची वर्षं गेली ती गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी विचारलं, वडिलांना काय सांगू? तर म्हणतात, तुमचे आजोबा बायकोला घेऊन इथे आले होते, टाकून नाही." सरांनी खडूचा डबा माझ्या हातात दिला. "बाई, प्लॅटियाची, शेवटची लढाई राहिली आहे शिकवायची. ती तुम्ही घ्या. आणि छोट्या गावांना विसरू नका."

जानेवारीत आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. सरांनी एकतीस वर्षांत गाडीत पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे तिकीट त्यांनी अकरा वेळा तपासलं. गंगाजलाची लोटी घट्ट बंद करून पिशवीत, पिशवी गळ्यात. "वाटेत काही झालं तर तोंडात घालायला," त्यांनी मला कानात सांगितलं. ते खरोखर घाबरले होते. काकू खिडकीशी बसून आमच्याकडे बघत होत्या, म्हणजे मान पूर्ण वळवून, कारण तसं केल्याशिवाय त्यांना आम्ही दिसतच नव्हतो. गाडी हलली तेव्हा सर दारात उभे होते. त्यांनी शहराच्या दिशेने हात जोडले, ओठ काहीतरी पुटपुटले, आणि मग काकूंची आतून हाक आली, "अहो, आत या, पडाल!" तसे ते आत गेले. मला रडू आलं, ते नवऱ्याने बघितलं आणि शहाणपणाने दुसरीकडे तोंड वळवलं.

पंधरा दिवसांनी दोघं परत आले. सर धडधाकट, उन्हाने काळवंडलेले. मी मोठ्या उत्सुकतेने गेले. "सर, कसा होता समुद्र?"

"पाणी पुष्कळ होतं," एवढं म्हणून ते पिशवी घेऊन भाजीला निघून गेले. थर्मोपिलीवर तीन दिवस बोलणारा माणूस! मी स्वयंपाकघरात गेले.

काकू पोळ्या लाटत होत्या, हाताच्या अंदाजानेच. "वाळूवर नेऊन उभं केलं त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि मी समुद्राकडे पाठ करून समोर उभी राहिले. त्यांच्या चष्म्यात मला दोन समुद्र दिसत होते, एकेका भिंगात एकेक. तोंड तर असं झालं होतं की काय सांगू! उत्तर चुकलेल्या पोरासारखं. मग माझ्यावरच चिडले. म्हणतात, तू मला वारा सांगितलास, भरती सांगितलीस, सुरकुती सांगितलीस. आवाज का नाही सांगितलास?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "म्हटलं, आवाज आठवत बसले असते, तर मला इथे राहता आलं नसतं."

काकूंनी एक गरम पोळी तूप लावून माझ्या हातात दिली.

सरांनी प्रायश्चित्त घेतलं, पण नवा संकल्प काही केला नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलत. पुढच्या हिवाळ्यात पिप्यांच्या पुलावर पोरांनी सवयीने हाका मारल्या, "सर, आइए!" आणि सर खरंच निघाले. छत्री टेकत, पाय जपून टाकत पार पलीकडच्या काठाला लागले. परत येऊन मला तक्रार केली, "बाई, हा पूल हलतो. तीस वर्षं एकही पोरगा बोलला नाही. एवढी फौज आणायची आणि पायाखाली हे असं! झर्क्सीसला मी उगाच हसत होतो." त्या वर्षी सॅलमिसच्या तासाला त्यांनी वाऱ्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी जोडलं, "यह बात किताब में नहीं है. यह हमें हमारी पत्नी ने बताई है." नसीम आता वरच्या वर्गात होती, पण प्राचार्यांची परवानगी काढून त्या तासाला येऊन बसली होती. तिने ते वहीत उतरवून घेतलेलं मी बघितलं.

सत्त्याण्णवमध्ये आमची बदली नाशिकला झाली. सर त्याआधीच निवृत्त झाले होते. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेले, तर घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, दोघं खाली घाटावर आहेत. मी बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरायला लागले.

दोघं मधल्या पायरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. काकूंची नजर तोवर पूर्ण गेली होती. सर छत्री हातात धरून त्यांना गंगा सांगत होते.

"दोन नावा आहेत. एक रिकामी, काठालगत. एक मोठी, यात्रेकरूंनी भरलेली, मधोमध. ऊन वर आलंय. हा बघ, सुटला वारा."

"नाही सुटला."

"अगं, पाण्यावर सुरकुती आली आहे. मी बघून राहिलोय ना!"

"ती वल्ह्याची. तुम्हाला नेहमी घाई," काकू म्हणाल्या. "थांबा. अजून नाही."

आणि प्राचार्यांना जे कधी जमलं नाही ते झालं. सर गप्प बसले. मीही तीन पायऱ्या वर तशीच थांबले. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग काकूंनी हनुवटी थोडी वर केली.

"आता," त्या म्हणाल्या.

त्यांच्या कानाजवळचे पांढरे केस हलले. मधोमधली मोठी नाव हळूच आडवी वळली.

"बरोबर," सर म्हणाले. मी हाक न मारता पायऱ्या चढून परत आले.